बोटीचं इंजिन ठोकतंय, ओढत नाही? खोलण्याआधी बेलापूरच्या या शेडमध्ये दाखवा

पाचपैकी चार. एक स्टार का कापला ते शेवटाकडे लिहिलंय, आधी कामाचं बोलते.

बेलापूर किल्ल्याच्या बाजूने खाडीकडे उतरलं की ही पत्र्याची शेड लागते. पाटी नाही, त्यामुळे मोबाइलच्या नकाशात सापडणार नाही. दारात एक उपडा गिअरबॉक्स आणि बोटीच्या वाकलेल्या पंख्यांचा (प्रोपेलरचा) ढीग दिसला की समजायचं पोचलो. दिवाळे गावात कुणालाही "इंजिनवाले काका कुठे" म्हणून विचारा, हात दाखवतील. काकांची उमेदीची वर्षं भाऊच्या धक्क्यावर लाँचची इंजिनं उघडण्यात गेली. आता मुलाला हाताशी घेऊन आपल्याकडच्या मच्छीमार बोटी बघतात. फक्त डिझेल आणि तेही बोटीच्या पोटात बसवलेलं इंजिन. मागे लटकवायचं आउटबोर्ड ते हातातही धरत नाहीत, उगीच घेऊन जाऊ नका.

आमची बोट सासऱ्यांच्या वेळची. लाकडी, वरून फायबर मारलेली. इंजिन तीन सिलिंडरचं, मूळ ट्रॅक्टरचं, त्याला बोटीचा गिअरबॉक्स आणि खाऱ्या पाण्याचं कूलिंग जोडून बसवलेलं. अशी जोडणी आपल्याकडे घरटी सापडेल. बोटीवर आमचे हे आणि भाऊजी जातात. मी जात नाही, पण डिझेलची पावती, बर्फाचे पैसे, दुरुस्तीची चिठ्ठी सगळं माझ्या वहीत. मासळीही मीच विकते. त्यामुळे इंजिनाने उशीर केला की गिऱ्हाइकाला तोंड मला द्यावं लागतं. जिताडा सकाळी अकराच्या आत पाटीत आला तर एक भाव, दुपारी दोनला आला तर दुसरा, आणि मधला फरक कुठलाही मिस्त्री भरून देत नाही.

दिवाळीनंतर दोन तक्रारी सुरू झाल्या. पहिली ठोक्याची. सकाळी थंड इंजिन चालू केलं की लोखंडावर हातोडी पडल्यासारखा कडक आवाज, जेट्टीवर उभ्या माणसालाही ऐकू येईल असा. गरम झालं की कमी व्हायचा, पण जायचा नाही. दुसरी दमाची. जाताना, रिकाम्या बोटीला फारसं कळत नसे. घारापुरीकडून परतताना ओहोटीचं पाणी तोंडावर आलं की बोट जागची हलेना. रेस वाढवली की काळा धूर. तसंच थोडा वेळ रेटलं की धूरही बंद आणि इंजिन आपोआप बसायचं, मग मिनिटभराने पुन्हा उचलायचं. हे म्हणाले, "इंजिन म्हातारा झाला, त्याला काय करशील?"

आधी एका दुसऱ्या मिस्त्रीला दाखवलं होतं. नाव लिहीत नाही. गणपतीच्या आधी त्यानेच डिझेल पंप काढून बसवला होता, म्हणून त्यालाच बोलावलं. त्याने पेटीचं झाकण उघडलं, दोनदा रेस दिली आणि निकाल सांगितला: मोठं बेअरिंग गेलंय, क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) काढून ग्राइंड करायचा, आलोच आहोत तर सिलिंडर आतून घासून बोअरही करून घेऊ. सत्तर हजार, आणि बोट तीन आठवडे उभी. ऐन हंगामात. मी विचारलं, बेअरिंगच गेलंय हे कशावरून? तर म्हणाला, "वहिनी, आवाजावरून कळतं." मला हे उत्तर पटलं नाही. वहीत सत्तर हजार लिहायचे तर समोर कारणही लिहावं लागतं.

काका आले ते हातात स्पॅनरच्या पेटीसोबत एक पाच लिटरचा स्वच्छ कॅन आणि पारदर्शक प्लास्टिकची नळी घेऊन. इंजिनाला लगेच हात लावला नाही. ह्यांना आणि भाऊजींना बसवून विचारत राहिले. ठोका न्यूट्रलला येतो की गिअर टाकल्यावर? धूर काळा की पांढरा? इंजिन बसतं तेव्हा धूर असतो की नसतो? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकून त्यांनी मान हलवली. काळा धूर म्हणजे डिझेल पोचतंय, पण हवा कमी पडतेय किंवा ओझं जास्त आहे. धूर न करता इंजिन बसतंय म्हणजे डिझेलच पोचत नाही. एकाच फेरीत दोन्ही होतंय, म्हणजे दुखणी दोन. "आणि ठोका तिसरा असू शकतो," म्हणाले. या एका वाक्यासाठी मी त्यांना आधीच तीन स्टार दिले होते. बाकी सगळे एकाच कारणात सगळं बसवायला बघत होते आणि म्हणून थेट क्रँकपर्यंत पोचत होते.

डिपस्टिक काढून ऑइल बोटांवर घासून बघितलं, वास घेतला. डिझेल उतरलंय का, पातळ झालंय का, हे त्यात कळतं. मग थोडं ऑइल खालून काढून त्यात लोहचुंबक फिरवलं आणि तेच ऑइल फडक्यावर उन्हात धरून पाहिलं. बेअरिंग खरंच गेलं असेल तर ऑइलमध्ये चकाकी दिसते. बेअरिंगचा धातू चुंबकाला चिकटत नाही, म्हणून फडकं. आमच्या फडक्यावर चकाकी नव्हती. इंजिन गरम केल्यावर ऑइल प्रेशरही जागेवर होतं. सत्तर हजारांपैकी निम्मा धाक तिथेच गेला.

आता कॅनची गोष्ट, कारण ही चाचणी कुणीही करून घ्यावी अशी आहे. काकांनी टाकीकडून येणारी नळी सोडली आणि पंपाला थेट कॅनमधलं ताजं, पेट्रोल पंपावरून आणलेलं डिझेल दिलं. कॅन इंजिनापेक्षा उंच बांधला. बोट जेट्टीला दोन जाड दोरांनी आवळली, गिअर टाकला आणि पूर्ण रेस. हातातल्या टॅकोमीटरने आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, ते मोजले. इंजिन एकदाही बसलं नाही. म्हणजे दोष टाकी ते पंप या वाटेत. पण आरपीएम १,५०० च्या वर जाईनात आणि काळा धूर तसाच, म्हणजे कुणीतरी इंजिनाला धरून ठेवलंय. आणि ठोका? तो जसाच्या तसा. म्हणजे डिझेल भेसळीचं आहे ही भाऊजींची शंकाही निकालात निघाली. रॉकेल मिसळलेलं डिझेल उशिरा पेट घेतं, त्यानेही ठोका येतो, आणि खाडीत स्वस्तात काय काय मिळतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण आमच्या बाबतीत तसं नव्हतं. एका कॅनमध्ये तिन्ही दुखणी वेगळी झाली आणि तोवर एकही भाग विकत आणला नव्हता.

मग टाकीची नळी परत जोडली, फक्त मधला एक तुकडा पारदर्शक घातला. मला मुद्दाम जवळ बोलावून दाखवलं. रेस कमी असताना डिझेल सलग जात होतं. रेस वाढवली तसे मोहरीएवढे बुडबुडे आले, मग वाटाण्याएवढे, मग नळीत अर्धं डिझेल अर्धी हवा, आणि इंजिन बसलं. टाकीकडची रबरी नळी क्लिपखाली तडकली होती. डिझेल बाहेर गळत नव्हतं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पंप ओढतो तेव्हा तडकेतून हवा आत जाते, बाहेर थेंबही येत नाही. नळी बदलली, क्लिपा नव्या लावल्या. फिल्टर कापून दाखवला तर आत काळी, बुळबुळीत साय. जून-जुलैची मासेमारी बंदी, बोट उभी, टाकी अर्धी रिकामी; त्या रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं, तळाला बसतं आणि पाणी-डिझेलच्या मधे ही घाण वाढते. बंदीच्या आधी टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवायची, हा त्यांचा सल्ला. मे अखेरीस एवढे पैसे कुणाच्या हातात असतात हा वेगळा प्रश्न. काचेच्या भांड्याचा वॉटर सेपरेटर मात्र मी लगेच बसवून घेतला. रोज सकाळी खालची चावी सोडून पाणी काढायचं, भाऊजींच्या मागे लागून करून घेते.

ओझ्याचं कारण ओहोटीला बोट गाळावर बसली तेव्हा दिसलं. पंख्याच्या मागे शाफ्टला नायलॉनचं जाळं आणि प्लास्टिकच्या पिशव्या पिळून पिळून दोरखंड झालेला, आणि पंख्याच्या पात्यांवर शिंपल्यांचा खरखरीत थर. आपल्या खाडीत हे व्हायचंच. काकांच्या मुलाने चिखलात गुडघाभर उभं राहून सुरीने सगळं कापलं, पाती पत्र्याच्या तुकड्याने खरवडली. शाफ्ट हाताने फिरवून पाहिला, मोकळा होता. पंख्याला थर असेल तर इंजिन पूर्ण जोर लावूनही फिरत नाही, डिझेल मात्र तेवढंच पितं, म्हणून काळा धूर. कूलिंगच्या पाण्याचा बाहेरचा प्रवाह, सायलेन्सर, एअर फिल्टर हेही बघितलं, तिथे काही नव्हतं.

राहिला ठोका. इंजिन चालू ठेवून काकांनी एकेका सिलिंडरच्या नोझलच्या (आत डिझेलचा फवारा मारते ती) पाइपचा नट किंचित सैल केला. तसं केलं की त्या सिलिंडरला डिझेल मिळत नाही. पहिला सैल केला, ठोका तसाच. दुसरा सैल केला, ठोका गायब. मी म्हटलं, झालं, सापडलं. तर म्हणाले, "नाही ताई, अजून नाही. दोन नंबरचं बेअरिंग गेलं असतं तरी ओझं काढल्यावर आवाज असाच कमी झाला असता." म्हणून त्यांनी पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरची नोझल अदलाबदल करून बसवली, खालचे तांब्याचे वॉशर नवीन टाकून. इंजिन चालू केलं आणि ठोका एक नंबरवर गेला होता. बेअरिंग काही जागा बदलत नाही. नोझलच खराब. ही अदलाबदल बघायला जेट्टीवरचे आणखी दोन-तीन बोटवाले जमले होते, त्यांनीही मान डोलावली.

हे नट सैल करायचं काम घरी करून बघू नका. त्या पाइपमधून डिझेल एवढ्या जोराने सुटतं की हात समोर आला तर कातडीतून आत शिरतं, आणि ती जखम वरून साधी दिसली तरी थेट हॉस्पिटलची असते. काकांनी फडकं आणि लांब दांड्याचा पाना वापरला आणि सगळ्यांना मागे सरायला सांगितलं.

नोझल त्यांनी शेडमधल्या टेस्टरवर लावली, तेव्हा मी बरोबर गेले. हाताने दांडा दाबायचा, वर प्रेशरचा काटा, खाली नोझलचं तोंड. तिसऱ्या सिलिंडरची नोझल दोनशेच्या आसपास कर्र्र करून उघडली आणि धुक्यासारखा बारीक फवारा आला. पहिली दीडशेलाच उघडत होती. आणि दुसरी, ती ठोकणारी, फवारा सोडायच्या आधीच शेंबड्या पोराच्या नाकासारखी गळायला लागली. दांडा सोडला तरी टोकाला थेंब लोंबकळत. तो थेंब चुकीच्या वेळी सिलिंडरमध्ये पडतो, साठतो आणि मग सगळा एकदम पेटतो; तोच ठोका. दोन बदलायला सांगितल्या. मी म्हटलं, तिन्ही नव्याच घाला. तर म्हणाले, "तिसरी चांगली आहे, उगीच पैसे घालू नका." कळंबोलीहून दोन नोझल मागवून प्रेशर सेट करून दिल्या. काका अजून "मायकोची नोझल" म्हणतात, कंपनीचं नाव २००८ सालीच बॉश झालं तरी.

नोझल बसवल्यावर ठोका निम्म्याहून कमी झाला, पण थंड इंजिनला थोडा कडकपणा राहिला. इथे बाकीच्यांनी पैसे घेऊन निरोप दिला असता. काकांनी टॉर्च घेऊन डिझेल पंपाच्या मुळाशी बघितलं आणि मला वाकून बघायला सांगितलं. पंपाच्या फ्लँजवर (इंजिनाला टेकते त्या कडेवर) एक रेघ कोरलेली असते आणि इंजिनाच्या अंगावर एक. दोन्ही समोरासमोर हव्यात. आमच्या नखभर सरकलेल्या. गणपतीच्या आधी पंप बसवणाऱ्याने टायमिंग पुढे ठेवलं होतं. त्याने सुरुवातीला इंजिन चपळ वाटतं, गिऱ्हाईक खूश होतं, म्हणून पुष्कळ जण तसं करतात. पण डिझेल लवकर पडतं, तेव्हा सिलिंडरमधली हवा अजून पुरेशी तापलेली नसते. ते पेटायला वेळ घेतं, तोवर आणखी डिझेल जमतं आणि सगळं एकदम उडतं. रेघ जुळवून भागवलं नाही. फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवून, पहिल्या पाइपातून डिझेलचा थेंब नेमका कधी थांबतो ते बघून टायमिंग लावलं. अर्धा दिवस याच कामात गेला, त्याचे वेगळे पैसे मागितले नाहीत.

दोर बांधून पुन्हा तीच चाचणी घेतली. १,५०० वर अडकणारं इंजिन १,८५० ला गेलं, धूर नुसता राखाडी झुळूक. आता ओहोटी तोंडावर असली तरी बोट वेळेत येते आणि जिताडा सकाळच्याच बाजारात बसतो.

हिशेब सांगते, कारण रिव्ह्यूत लोक तोच लिहीत नाहीत. दोन नोझल १,७००, टेस्टिंग आणि सेटिंग ६००, नळी-क्लिपा-वॉशर ७००, वॉटर सेपरेटर १,८००, दोन डिझेल फिल्टर ४५०, मजुरी ३,०००. एकूण ८,२५०. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून परत दिला, न मागता. मला हे फार आवडलं.

आता तक्रारी. काका फोन उचलत नाहीत. दहा वेळा करा, नाही म्हणजे नाही. संध्याकाळी शेडवर जाऊन बोलायचं, तेव्हा वेळ ठरते. ठरलेली वेळही भरती-ओहोटीप्रमाणे सरकते, त्याला इलाज नाही, पण निदान कळवावं. पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या कागदावर चिठ्ठी. बोटीवर कर्ज असेल, बँकेला किंवा संस्थेला खर्च दाखवायचा असेल तर आधीच बोलून घ्या. मी अडून बसले तेव्हा मुलाने शिक्का मारून दिला.

पण स्टार कापला तो दुसऱ्या कारणाने. खाडीत मासळी कशी संपली यावर काका तासभर बोलतील, कंपन्यांना शिव्या घालतील, आणि बोलता बोलता फिल्टर धुतलेलं काळं डिझेल त्याच खाडीत ओततील. माझ्यासमोर ओतलं. मी म्हटलं, काका, याच पाण्यातली कोळंबी मी उद्या विकणार आहे. हसले, म्हणाले, एवढंसं तर आहे. दुसऱ्या दिवशी मी आमचा एक रिकामा ड्रम शेडच्या दारात ठेवून आले. वापरतात की नाही ते पुढच्या वेळी बघेन. तुम्ही गेलात तर ड्रम निळा आहे, त्यातच ओतायला लावा.

न्यूट्रलला अजून एक खडखड येते, गिअर टाकला की थांबते. ती गिअरबॉक्सच्या मधल्या प्लेटच्या स्प्रिंगची आहे, इंजिनाची नाही, आणि आत्ता काढायची घाई नाही असं काकांनीच सांगितलं. ते काम जूनमध्ये, बोट वर ओढल्यावर. तुम्हालाही मोठं काम करायचं असेल तर मे महिन्यातच नंबर लावा, कारण १ जूनला बंदी लागली की दिवाळे, करावे, सारसोळे सगळीकडच्या बोटी एकदम त्यांच्या दारात येतात. लहान कामाला भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते ते दिवस बघून जा. उधाणाच्या दिवसांत सगळे समुद्रात असतात आणि काका कुणाच्या तरी बंद पडलेल्या बोटीवर. पैसे रोख न्या. मोबाइलवरून द्यायचे तर मुलाच्या नंबरवर जातात, आणि तो बहुतेक वेळा कळंबोलीला सामान आणायला गेलेला असतो.